गरोदरपणातली हॉर्मोनची औषधं : काय कळलं, काय कळायचं आहे

पाळी चुकते, घरच्या चाचणीत दोन रेषा उमटतात आणि दोन-चार दिवसांत हातात डॉक्टरांची चिठ्ठी येते. तिच्यावर फॉलिक अॅसिडच्या खाली पुष्कळदा आणखी एखादं नाव असतं. कधी प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, कधी डायड्रोजेस्टेरॉनची गोळी, कधी आठवड्याला एक घ्यायचं तेलातलं इंजेक्शन. डॉक्टर त्याला 'सपोर्ट' म्हणतात. घरात ते 'गर्भ टिकायचं औषध' असतं. रक्ताच्या तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हॉर्मोन, जरा वर निघाला की थायरॉइडची गोळी सुरू होते. पुढे साखर वाढली तर इन्सुलिन, आणि दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं. फॉलिक अॅसिड सोडलं तर ही सगळी हॉर्मोनं आहेत, किंवा हॉर्मोनांच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेली रसायनं.

गरोदर बाईच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो: यानं बाळाला काही होणार तर नाही ना? गेल्या ऐंशीहून अधिक वर्षांत या प्रश्नाला जी उत्तरं मिळाली ती औषधागणिक वेगळी आहेत. काही औषधं अत्यावश्यक आणि निर्धोक ठरली, काही निरुपयोगी निघाली, एकानं तर पुढच्या पिढीला कॅन्सर दिला, आणि काहींबद्दल जाणकारांत आजही एकमत नाही. म्हणून 'हॉर्मोनची औषधं सुरक्षित आहेत का' हा प्रश्न एकगठ्ठा विचारण्यात अर्थ नाही. कोणतं औषध, कितव्या आठवड्यात, किती आणि मुळात कशासाठी, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. यातला 'कशासाठी' हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या औषधाचा उपयोगच सिद्ध झालेला नाही, त्याचा बारीकसा धोकाही बाईनं आणि बाळानं का सोसावा?

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चालू असलेलं कोणतंही औषध हा लेख वाचून बंद करू नये. थायरॉक्सिन किंवा इन्सुलिन मनानं थांबवणं हे त्यांच्या दुष्परिणामांहून कितीतरी अधिक धोक्याचं आहे.

मूळ कल्पना

अंडं बाहेर पडल्यावर अंडाशयात मागे जो पिवळसर पिंड उरतो, तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. त्यानं गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजण्याजोगं होतं. अमेरिकेत कॉर्नर आणि अॅलन यांनी १९२९मध्ये सशांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं, आणि १९३४मध्ये हे हॉर्मोन शुद्ध स्वरूपात हाती आलं. साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात हे काम वार आपल्याकडे घेते. १९७०च्या दशकात कसापो यांनी दाखवलं, की त्याआधी तो पिंड काढून टाकला तर गर्भ पडतो आणि बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर टिकतो.

यावरून पुढची उडी सहज मारली गेली: प्रोजेस्टेरॉन नसलं की गर्भ पडतो, तेव्हा गर्भ पडू पाहत असेल तर प्रोजेस्टेरॉन द्यावं. पण पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तिथे कुठलाही 'सपोर्ट' कामाला येत नाही. शिवाय रक्तातलं प्रोजेस्टेरॉन घसरणं हे अनेकदा गर्भ बिघडल्याचं कारण नसून परिणाम असतो. गर्भाची वाढ थांबते, त्याच्याकडून पिंडाला मिळणारा संदेश मंदावतो आणि मग पातळी खाली येते. रिपोर्टमधला कमी आकडा पाहून गोळी सुरू करण्यातली अडचण ही अशी आहे.

डीईएस : सर्वांत कडू धडा

१९३८मध्ये लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस, तयार केलं. इस्ट्रोजेनसारखं काम करणारं, तोंडानं घेता येणारं आणि अतिशय स्वस्त. बॉस्टनच्या ऑलिव्ह आणि जॉर्ज स्मिथ या दांपत्यानं मांडलं की हे दिल्यास वार अधिक हॉर्मोनं बनवील आणि गर्भपात टळतील. त्यांच्या अभ्यासांत औषध न घेणाऱ्या बायकांचा नीट तुलना करता येईल असा गट नव्हता. तरीही १९४७मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, गरोदरपणातल्या वापराला परवानगी दिली. पुढे काही डॉक्टर तर सगळं सुरळीत चाललेल्या बायकांनाही 'बाळ अधिक धष्टपुष्ट व्हावं' म्हणून ते देऊ लागले.

१९५३मध्ये शिकागो विद्यापीठात डीकमन आणि सहकाऱ्यांनी सुमारे १,६०० गरोदर स्त्रियांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना डीईएस, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. फायदा शून्य. (हीच आकडेवारी १९७८मध्ये पुन्हा तपासली गेली तेव्हा डीईएस घेणाऱ्यांत गर्भपात आणि अकाली प्रसूती उलट अधिक झाल्याचं दिसलं.) फायदा नाही हे कळूनही वापर चालूच राहिला, कारण धोका अजून कुणाला दिसला नव्हता.

तो दिसायला आणखी अठरा वर्षं लागली. बॉस्टनच्या डॉक्टरांकडे योनिमार्गाच्या कॅन्सरच्या काही मुली आल्या, वयानं पंधरा ते बावीस. हा प्रकार एवढ्या लहान वयात जवळजवळ कधीच दिसत नसे. त्यांच्यातल्या एका मुलीच्या आईनं डॉ. अल्फेल्डर यांना विचारलं, की मी गरोदरपणात घेतलेल्या गोळ्यांचा याच्याशी काही संबंध असेल का? तोवर हा प्रश्न कुणा तज्ज्ञाला सुचला नव्हता. हर्बस्ट, अल्फेल्डर आणि पॉस्कँझर यांनी मग प्रत्येक मुलीमागे त्याच रुग्णालयात त्याच सुमारास जन्मलेल्या चार निरोगी मुली तुलनेला घेतल्या. आजारी आठ मुलींपैकी सात जणींच्या आयांनी डीईएस घेतलं होतं. तुलनेच्या बत्तीसांपैकी एकीच्याही नाही. एप्रिल १९७१मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एफडीएनं गरोदरपणात हे औषध देऊ नये असं बजावलं. युरोपातल्या काही देशांत ते त्यानंतरही काही वर्षं दिलं जात होतं.

कॅन्सर तसा विरळाच राहिला, हजारात सुमारे एक. बाकीचं नुकसान अधिक पसरलेलं होतं. २०११च्या मोठ्या अमेरिकन पाहणीत डीईएस लागलेल्या मुलींपैकी ३३ टक्क्यांना मूल होण्यात अडचण आली, इतरांत हे प्रमाण १५ टक्के होतं. अकाली प्रसूती ५३ टक्के विरुद्ध १८ टक्के. गर्भाशयाचा आकारच वेगळा घडलेला, म्हणून गर्भ पोसला जाईना. मुलग्यांमध्ये वृषण खाली न उतरण्याचं आणि वृषणाजवळच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं आढळलं. नातवंडांवर काही परिणाम होतो का, याचा शोध अजून चालू आहे.

आजच्या नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनचा आणि डीईएसचा रासायनिक संबंध नाही, हे वाचकानं पक्कं ध्यानात ठेवावं. पण या प्रकरणानं औषधशास्त्राला दोन गोष्टी शिकवल्या. जन्मतः निरोगी दिसणारं बाळ म्हणजे औषध सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे. आणि परिणाम शोधायचा तर वीस-तीस वर्षं माग ठेवावा लागतो.

पाळी आणायच्या गोळ्या

दुसरा जुना वाद इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टेरॉन यांच्या जोडगोळ्यांचा. लघवीच्या स्वस्त चाचण्या येण्याआधी गर्भ आहे की नाही हे पाहायला या गोळ्या देत. चार-आठ दिवसांत पाळी आली तर गर्भ नाही, न आली तर आहे. ब्रिटनमध्ये प्राइमोडॉस हे त्यातलं गाजलेलं नाव. १९६७मध्ये इझाबेल गाल या बालरोगतज्ज्ञांनी या गोळ्या आणि मज्जारज्जूचे जन्मदोष यांचा संबंध असल्याची शंका 'नेचर'मध्ये मांडली. अधिकृत इशारा आला १९७५मध्ये, आणि १९७८मध्ये गोळी बाजारातून गेली.

संबंध खरंच होता का, यावर आजही दोन बाजू आहेत. ब्रिटिश सरकारच्या तज्ज्ञगटानं २०१७मध्ये म्हटलं की उपलब्ध पुरावा कार्यकारणभाव दाखवत नाही. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डचे कार्ल हेनेगन आणि सहकाऱ्यांनी तेच जुने अभ्यास एकत्र करून संबंध दिसतो असा निष्कर्ष काढला. २०२०मध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीनं कारणाचा निवाडा न करता वेगळा मुद्दा धरला: पर्यायी चाचण्या हाताशी असताना आणि शंका पुढे आलेली असताना या गोळ्या चालू ठेवायला नको होत्या, सरकारनं कुटुंबांची माफी मागावी. २०२३मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं कुटुंबांचा दावा पुढे चालवायला नकार दिला. साठ वर्षांपूर्वीच्या नोंदी अपुऱ्या असल्या की विज्ञानाचे हात कसे बांधले जातात, याचं हे जिवंत उदाहरण आहे.

भारतात या गोळ्यांची कहाणी अधिक बिकट होती, कारण इथे त्या चाचणीपेक्षा 'पाळी आणायला', म्हणजे गर्भ पाडायला म्हणून घेतल्या जात. त्यानं गर्भ पडत नसे. औषध लागलेला गर्भ तसाच वाढत राही. केंद्र सरकारनं १९८२मध्ये या 'ईपी फोर्ट' गोळ्यांवर बंदी घातली, कंपन्यांनी न्यायालयातून स्थगिती मिळवली. महिला संघटना, मेडिको फ्रेंड सर्कल, ऑल इंडिया ड्रग अॅक्शन नेटवर्क यांनी हा लढा चिकाटीनं चालवला. सार्वजनिक सुनावण्या झाल्या आणि १९८८मध्ये बंदी कायम झाली.

याच्या जवळचा एक प्रश्न आजही आपल्या घरांत आहे. गणपती, लग्नकार्य, तीर्थयात्रा आली की पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या जातात, बऱ्याचदा थेट औषधाच्या दुकानातून, आणि दिवस गेल्याचं नंतर कळतं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लॉसन विल्किन्स यांनी दाखवलं होतं, की या जातीची औषधं गरोदरपणात मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ दिली तर मुलींच्या बाह्य जननेंद्रियांत पुरुषी बदल होऊ शकतात. पण ही इंद्रियं साकारू लागतात ती आठव्या आठवड्यानंतर. त्याआधी चुकून घेतलेल्या थोड्या गोळ्यांनी तसं होण्याचा संभव फारच कमी. गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल तर डेन्मार्कमधला २०१६चा अभ्यास पुरेसा दिलासा देतो: जवळपास ८ लाख ८० हजार जन्मांची नोंद तपासूनही, गर्भ राहिल्याच्या सुमारास गोळी चालू असलेल्या बायकांच्या बाळांत मोठे जन्मदोष वाढलेले आढळले नाहीत. अशा वेळी घाबरून गर्भपाताचा निर्णय घेण्याचं कारण नाही. डॉक्टरांना तारखांसह सगळं सांगावं एवढंच.

आजचं प्रोजेस्टेरॉन : कुणाला आणि कोणतं

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत, विशेषतः गोठवलेला गर्भ हॉर्मोन देऊन तयार केलेल्या अस्तरात सोडतात तेव्हा, बाईच्या अंडाशयात तो पिवळा पिंडच नसतो. तिथे बाहेरून प्रोजेस्टेरॉन देणं अपरिहार्य आहे. याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो नैसर्गिकरीत्या राहिलेल्या गर्भाबद्दल. इथे ब्रिटनमधल्या दोन चाचण्या पायाभूत मानतात. दोन्ही अरी कूमारस्वामी यांच्या पुढाकारानं झाल्या. पहिली, २०१५ची 'प्रॉमिस', कारण न सापडलेले वारंवार गर्भपात झालेल्या ८३६ स्त्रियांवर. प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत ६५.८ टक्के जणींना जिवंत बाळ झालं, न घेणाऱ्यांत ६३.३ टक्के. एवढा फरक योगायोगानंही पडतो. दुसरी, २०१९ची 'प्रिझम', सुरुवातीच्या आठवड्यांत रक्त दिसलेल्या ४,१५३ स्त्रियांवर. एकूण निकाल ७५ टक्के विरुद्ध ७२ टक्के, म्हणजे पुन्हा काठावरचाच. पण आधी तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या आणि आता रक्त जात असलेल्या गटात फरक ७२ विरुद्ध ५७ असा ठळक होता. ज्यांचा आधी एकही गर्भपात झालेला नव्हता त्यांना काहीच लाभ नव्हता.

यावर दोन मतं पडली. एका गटाचं म्हणणं, उपगटाची ही तपासणी आधीच ठरवलेली होती, जितके आधीचे गर्भपात अधिक तितका फायदा अधिक अशी पायरी दिसते आणि अपाय आढळत नाही. मग अशा स्त्रियांना औषध का नाकारावं? दुसरा गट म्हणतो, मुख्य निकाल नकारात्मक असताना उपगटावर विसंबणं हा संशोधनातला जुना सापळा आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०२१मध्ये पहिली बाजू उचलली. रक्त दिसत असेल, आधी गर्भपात झालेला असेल आणि सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच असल्याची खात्री असेल, तर योनिमार्गातून ४०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिवसातून दोनदा द्यावं. हृदयाचे ठोके दिसले तर सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत.

या शिफारशीच्या अटी बारकाईनं पाहिल्या तर आपल्याकडच्या प्रथेशी त्यांचा मेळ बसत नाही. पहिलटकरीण, रक्त नाही, दुखत नाही, तरी 'काळजी म्हणून' सपोर्ट सुरू, अशा चिठ्ठीला या चाचण्यांत आधार नाही. चाचण्यांत औषध योनिमार्गातून दिलं होतं. आपल्याकडे तोंडी गोळ्या आणि इंजेक्शनं भरपूर चालतात. एका रूपाचा पुरावा दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. डॉक्टरांच्या बाजूनंही एक खरी अडचण आहे. आधीचा गर्भ गमावलेल्या जोडप्याला 'काही करू नका, वाट पाहा' हे सांगणं फार कठीण असतं, आणि पुढे काही झालं तर दोष डॉक्टरांवर येतो. ही भीती समजून न घेता या वापराबद्दल बोलणं अन्यायाचं होईल.

नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनचे नेहमीचे दुष्परिणाम त्रासदायक पण बेताचे असतात. तोंडानं घेतलं तर गुंगी, चक्कर, पोट फुगणं. म्हणून रात्री झोपताना घ्यायला सांगतात. योनिमार्गातून घेतलं तर पांढरा स्राव आणि जळजळ. तेलातल्या इंजेक्शनानं कंबरेखाली गाठी येतात, दुखतं, कधी पू धरतो. यकृताच्या एका विकारात गरोदर स्त्रीच्या तळहात-तळपायांना न थांबणारी खाज सुटते. त्यात प्रोजेस्टेरॉनच्या विघटनातून तयार होणाऱ्या द्रव्यांचा हात असल्याचं मानतात. तेव्हा अशी खाज आली तर ती अंगावर काढू नये. बाळाच्या बाबतीत १९७०च्या दशकात हृदयाच्या आणि हातापायांच्या दोषांची शंका पुढे आली होती आणि अमेरिकेत या औषधांच्या वेष्टनावर तसा इशारा सक्तीचा होता. पुढच्या अभ्यासांनी तिला दुजोरा दिला नाही आणि १९९९मध्ये तो इशारा काढून टाकला गेला.

डायड्रोजेस्टेरॉनचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. १९६०च्या दशकापासून वापरात असलेली ही कृत्रिम गोळी भारतात अतिशय लोकप्रिय आहे. टेस्ट ट्यूब उपचारांतल्या 'लोटस' नावाच्या दोन मोठ्या चाचण्यांत ती योनिमार्गातल्या प्रोजेस्टेरॉनच्या तोडीस तोड ठरली आणि जन्मदोष वाढलेले दिसले नाहीत. अशा यादृच्छिक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणांतही फरक आढळला नाही. दुसऱ्या बाजूला गाझामध्ये हृदयदोष असलेल्या मुलांच्या आयांची निरोगी मुलांच्या आयांशी तुलना करणारा अभ्यास २०१५मध्ये आला. त्यात हृदयदोष असलेल्या मुलांच्या आयांनी ही गोळी अधिक प्रमाणात घेतलेली आढळली. त्यावर आक्षेपही आले, कारण जिचं गरोदरपण आधीच अडचणीत आहे तीच गोळी घेते, आणि अडचणीतल्या गर्भात दोष अधिक असतात. जागतिक आरोग्य संघटनेकडे जमणाऱ्या दुष्परिणामांच्या नोंदींतूनही अशी शंका पुढे आली आहे, पण त्या नोंदींवरून प्रमाण काढता येत नाही.

मग निकाल का लागत नाही? हृदयाचा जन्मदोष हजारात साधारण आठ ते दहा बाळांत आढळतो. एखाद्या औषधानं तो हजारात आठवरून बारावर नेला, तर ते ओळखायला प्रत्येक गटात हजारो स्त्रिया हव्यात. औषधाचा उपयोग मोजायला आखलेल्या चाचण्या एवढ्या मोठ्या नसतात. म्हणजे 'फरक आढळला नाही' हे वाक्य खरं असूनही ते 'फरक नाही' याची हमी देत नाही.

साप्ताहिक इंजेक्शन : मान्यता आणि माघार

अकाली प्रसूती रोखण्यासाठी हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट हे कृत्रिम औषध आठवड्याला एक या हिशेबानं टोचतात. २००३मध्ये मेस आणि सहकाऱ्यांच्या चाचणीत, आधी अकाली बाळंत झालेल्या ४६३ स्त्रियांत पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांवरून ३६वर आलं. त्याच्या बळावर एफडीएनं २०११मध्ये 'मकेना' या नावानं त्याला घाईची, सशर्त मान्यता दिली; अट होती मोठ्या चाचणीची. ती 'प्रोलाँग' चाचणी १,७०८ स्त्रियांवर झाली. पस्तिसाव्या आठवड्याआधी प्रसूती झाल्या ११.० टक्के विरुद्ध ११.५ टक्के, म्हणजे उपयोग नाही.

यानंतरचा वाद प्रामाणिक होता. इंजेक्शनाच्या बाजूचे तज्ज्ञ म्हणत, दुसऱ्या चाचणीतल्या बायका मुळातच कमी जोखमीच्या होत्या. पहिल्या चाचणीत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या आणि अकाली प्रसूतीचा सर्वाधिक भार त्यांच्यावरच असतो. हाताशी असलेला एकमेव पर्याय त्यांच्यापासून का काढून घ्यायचा? विरोधकांचं उत्तर होतं, ज्या गटाला आशेची गरज सर्वांत जास्त, त्यालाच निरुपयोगी औषध देणं हा न्याय नव्हे. ऑक्टोबर २०२२मध्ये सल्लागार समितीनं १४ विरुद्ध १ मतांनी माघारीची शिफारस केली आणि एप्रिल २०२३मध्ये मान्यता रद्द झाली.

मध्यंतरी आणखी एक गोष्ट पुढे आली. १९५९ ते १९६७च्या दरम्यान कॅलिफोर्नियात नोंदवलेल्या गरोदर स्त्रियांच्या मुलांचा माग काढता, ज्यांच्या आयांना हे इंजेक्शन मिळालं होतं त्यांच्यात कॅन्सरचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. मर्फी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२१चा. औषध घेतलेल्यांची संख्या लहान, शिवाय तेव्हा ते पहिल्या तिमाहीत दिलं जाई, आता दुसऱ्या. त्यामुळे हा धोका शक्य, पण सिद्ध न झालेला मानतात. युरोपीय औषध संस्थेनं २०२४मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, उपयोगाचा पुरावा नाही आणि दीर्घकालीन धोक्याची शंका आहे, आणि ही औषधं थांबवण्याची शिफारस केली. भारतात हे इंजेक्शन अनेक दशकं टोचलं जात आलं आहे. इथे या निर्णयांची व्हावी तेवढी चर्चा झाली नाही, याची मला खंत वाटते.

गर्भाशयाचं तोंड सोनोग्राफीत आखूड आढळलेल्या स्त्रियांना योनिमार्गातून नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन देणं ही वेगळी गोष्ट आहे. फोन्सेका यांच्या २००७च्या चाचणीत त्यानं चौतिसाव्या आठवड्याआधीच्या प्रसूती ३४ टक्क्यांवरून १९वर आणल्या, आणि २०२१च्या एकत्रित विश्लेषणानंही फायद्याच्या बाजूनंच कौल दिला. नावं सारखी असल्यामुळे ही दोन औषधं एकच समजली जातात. चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय ते विचारून घ्यावं.

थायरॉइड आणि इन्सुलिन

थायरॉइड खरोखर मंदावलेलं असेल तर थायरॉक्सिन ही जीवनावश्यक गोळी आहे. पहिल्या तिमाहीत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतं. उपचार न मिळालेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यंक सुमारे सात गुणांनी कमी भरल्याचं हॅडो यांनी १९९९मध्ये दाखवलं. दिवस राहिल्यावर गोळीची गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढू लागते, म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईनं चाचणी सकारात्मक आल्याबरोबर डॉक्टरांना कळवावं. योग्य मात्रेत ही गोळी निर्धोक आहे. मात्र एक व्यवहारातली चूक फार होते. सकाळी थायरॉइडची गोळी आणि तिच्याच पाठोपाठ दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. त्यानं थायरॉक्सिन पोटातच अडकतं, टीएसएच खाली येत नाही आणि मात्रा वाढत जाते. मध्ये चार तासांचं अंतर हवं.

मतभेद आहेत ते टीएसएच किंचित वाढलेला, पण थायरॉक्सिनची पातळी ठीक असलेल्या स्त्रियांबद्दल. अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं २०११मध्ये पहिल्या तिमाहीसाठी २.५ची मर्यादा सांगितली आणि २०१७मध्ये ती साधारण ४पर्यंत नेली. एवढ्या बदलानं कितीतरी बायका 'रुग्ण' राहिल्या नाहीत, तरी जुना आकडा अनेक ठिकाणी वापरात आहे. २०१७च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत गोळी दिल्यानं मुलांच्या पाचव्या वर्षीच्या बुद्ध्यंकात फरक पडला नाही. आक्षेप असा, की त्यात उपचार सुरू झाले तेच सोळाव्या-सतराव्या आठवड्यात. तोवर बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली असते. थायरॉइडविरोधी अॅन्टिबॉडी असलेल्या पण थायरॉइड ठीक असलेल्या स्त्रियांना गोळी देऊन गर्भपात कमी होत नाहीत, हे मात्र २०१९च्या 'टॅब्लेट' चाचणीनं जवळजवळ निश्चित केलं. मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर धडधड, घाम, झोप उडणं हे त्रास होतात.

इन्सुलिनबद्दल थोडक्यात सांगता येईल: ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही. त्याचा खरा धोका आईची साखर एकदम खाली जाण्याचा. सुईची भीती आणि 'एकदा लागलं की कायमचं' हा समज यांमुळे ते टाळणाऱ्या बायकांचं आणि बाळांचं नुकसान अधिक होतं.

स्टेरॉइड आणि नागपूरचा अनुभव

ऑकलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२मध्ये दाखवलं, की अकाली प्रसूतीच्या आधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाची फुप्फुसं लवकर परिपक्व होतात. या शोधानं असंख्य बाळं वाचली. भारत सरकारनं २०१४मध्ये चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या अकाली कळांसाठी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा पहिला डोस एएनएमनं, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकेनं, द्यावा, असं ठरवलं.

२०१५मध्ये 'अॅक्ट' चाचणीचे निकाल आले आणि सगळे चक्रावले. सहा देशांत सुमारे एक लाख जन्मांवर झालेल्या या चाचणीत भारतातली नागपूर आणि बेळगाव ही केंद्रं होती. गावपातळीवर स्टेरॉइडचा प्रसार केलेल्या भागांत नवजात मृत्यू घटण्याऐवजी वाढले, हजारामागे २३.९च्या जागी २७.४. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही अधिक आढळली. एक संभाव्य कारण असं, की सोनोग्राफी नसताना दिवस नीट मोजता येत नाहीत आणि गरज नसलेल्या पुष्कळ जणींना औषध मिळतं. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीनं आठवडे पक्के करून चाचणी घेतली. तेव्हा नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६वर आले. औषधही तेच आणि देशांतही फारसा फरक नाही; निकाल उलटा लागला तो कुणाला, कधी आणि कुठे दिलं यावरून.

दिवस जवळपास भरत आलेले असताना, किंवा सिझेरियनआधी 'खबरदारी म्हणून' ही इंजेक्शनं द्यावीत का, हा आजचा कळीचा प्रश्न आहे. श्वासाचा त्रास थोडा कमी होतो, पण २०१६च्या अमेरिकन चाचणीत बाळाची साखर उतरण्याचं प्रमाण १५वरून २४ टक्क्यांवर गेलं. फिनलंडमधल्या ६ लाख ७० हजार मुलांच्या नोंदींत, स्टेरॉइड मिळूनही पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलांत मानसिक आणि वर्तनविषयक विकार ८.९ टक्के होते, इतरांत ६.३. हे निरीक्षण आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे. पण बाळ अकाली जन्मलंच नाही तर औषधाचा फायदा उरत नाही, शंका तेवढी उरते.

जे अजून ठरायचं आहे

डायड्रोजेस्टेरॉन आणि हृदयदोष, साप्ताहिक इंजेक्शन आणि पुढच्या पिढीतला कॅन्सर, किंचित वाढलेल्या टीएसएचला अगदी लवकर दिलेले उपचार, उशिरा दिलेलं स्टेरॉइड: हे चारही प्रश्न उघडे आहेत, आणि ते सुटतील ते मुख्यतः नोंदींनी. डेन्मार्क-फिनलंडला हे साधलं, कारण तिथे आईनं औषधाच्या दुकानातून काय घेतलं आणि मुलाला पुढे काय झालं, हे एकमेकांशी जोडता येतं. ही हॉर्मोनं आपल्याकडे एवढी वापरली जातात, पण अशी जोडणारी देशव्यापी नोंदवही नाही. २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात मुलांचे जन्मदोष शोधले जातात. त्याच वेळी आईच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या औषधांची नावं आणि आठवडे लिहून घेतले, तर दहा वर्षांत वर सांगितलेल्या पहिल्या प्रश्नाला भारतातूनच उत्तर मिळू शकेल.

हरियाणात तर अशा नोंदीची गरज आणखी एका कारणानं दिसली. तिथे मुलगा व्हावा म्हणून गरोदरपणाच्या सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या देशी औषधांत संशोधकांना वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन सापडलं, आणि ती घेणाऱ्यांत जन्मदोष आणि मृत जन्म यांचा धोका वाढलेला आढळला. हे कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. बाईला विश्वासात घेऊन विचारलं तरच कळतं.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०पासून चालू आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, कुणीही कळवू शकतं. त्यासाठी गरोदरपणातल्या चिठ्ठ्या, रिकाम्या पाकिटांवरची नावं आणि कितव्या आठवड्यात काय घेतलं याची टिपणं बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासोबत जपून ठेवावीत, आणि बाळंतपणानंतरही फेकू नयेत.